साडेबारा कोटी पावलं

चाकणच्या एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली की मोशी, भोसरी, चिंचवडकडे परतणाऱ्या दुचाक्यांमागे कुत्री लागतात. या पट्ट्यात कामाला असलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. दात बहुतेकदा पोटरीतच रुततात. जखमेत लाळ उतरते आणि त्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर तिथून त्याला मेंदूपर्यंत पोचायचं असतं.

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. लांबी सुमारे १८० नॅनोमीटर, जाडी ७५. असे हजारेक विषाणू एकमेकांना खेटून आडवे लावले, तर ती रांग माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढी भरेल. आत जनुकीय मजकूर जेमतेम १२,००० अक्षरांचा. माणसाचा मजकूर ३०० कोटी अक्षरांचा, म्हणजे अडीच लाख पटींनी मोठा. त्या १२,००० अक्षरांत पाच प्रथिनांची कृती लिहिलेली आहे आणि पाचांतलं एकही प्रथिन विषाणूला स्वतःहून चालवू शकत नाही. इंधनही त्याच्याजवळ नाही.

पोटरीच्या स्नायूला हलवणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर पायात नसतंच. ते कमरेच्या वर, मेरुरज्जूत असतं. तिथून एकच बारीक तंतू निघतो आणि थेट स्नायूपर्यंत येतो. एका पेशीचा एक तंतू, लांबी जवळपास एक मीटर! विषाणूला हे अंतर उलट्या दिशेने कापायचं आहे. नुसतं तरंगत, धक्के खात जायचं म्हटलं तर हिशेब भयंकर येतो. एवढ्या आकाराच्या कणाला साध्या पाण्यातसुद्धा मीटरभर सरकायला दोन-अडीच हजार वर्षं लागतील, आणि पेशीच्या आतली गर्दी पाण्यापेक्षा कितीतरी दाट.

पण त्या तंतूत मालवाहतूक आधीपासूनच चालू असते. तेरा धाग्यांनी विणलेल्या, २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका हा तिथला रस्ता. त्यावरून कायनेसिन नावाची प्रथिनं मेरुरज्जूकडून पायाकडे माल नेतात आणि डायनीन नावाची प्रथिनं पायाकडून मेरुरज्जूकडे आणतात. झिजलेले भाग आणि स्नायूकडून आलेले वाढीचे निरोप या परतीच्या गाड्यांतून वर जातात. चाकणच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना परतीच्या भाड्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रेबीजचा विषाणू नेमकी हीच परतीची गाडी धरतो.

कशी धरतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच्या अंगावर सुमारे ४०० काटे असतात. चेतातंतूच्या टोकावर वाढीचे निरोप स्वीकारणारी प्रथिनं असतात. त्यांतल्या पी-७५ नावाच्या प्रथिनाला काटा जुळतो. पेशीला वाटतं, निरोप आला. ती विषाणूला अख्खाच्या अख्खा एका पिशवीत घेते आणि डायनीन ती पिशवी ओढू लागतं. तेल अवीवच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की पी-७५ ला धरून जाणारा विषाणू त्याच वाटेवरच्या नेहमीच्या मालापेक्षाही वेगाने जातो. मला हे वाचून हादरायला झालं. आपल्याच यंत्रणेकडून तो आपल्याच मालाहून चांगली सेवा मिळवतो.

डायनीनचं एक पाऊल साधारण ८ नॅनोमीटरचं. एक मीटर म्हणजे साडेबारा कोटी पावलं, तीही एकदाही मागे सरकलं नाही असं धरून. प्रयोगांत या प्रवासाचा वेग दिवसाला ५ ते १० सेंटिमीटरपर्यंत मोजला गेला आहे. आपण ५ धरू. म्हणजे सेकंदाला सत्तरेक पावलं, अखंड वीस दिवस. विषाणू बारा मीटरच्या, म्हणजे चाळीस फुटी कंटेनरएवढा मोठा केला, तर हा मीटर ६६,००० किलोमीटरांहून लांब होतो. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालूनही अंतर उरेल. ते वीस दिवसांत कापायचं तर ताशी सुमारे १४० किलोमीटरने, चहालाही न थांबता जावं लागेल. रस्त्याची जाडी किती? पावणेदोन मीटरसुद्धा नाही, आणि वर लादलेला माल पाच मीटर रुंद!

याचं भाडं पेशी भरते. एका पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा साधारण एक रेणू धरला, तर एका विषाणूच्या संपूर्ण प्रवासाचं इंधन भरतं एका ग्रॅमचे दहा लाख कोटी भाग केल्यावर त्यातल्या एका भागाएवढं. शरीर दिवसभरात पन्नासेक किलो एटीपी बनवतं आणि मोडतं. हा खर्च त्याच्या लक्षात येणंच शक्य नाही.

वीस दिवस हा आकडा मात्र मुदत म्हणून कुणी धरू नये. विषाणू कधी स्नायूतच बराच काळ रेंगाळतो, म्हणून लक्षणं दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरही पुरतो. चावा चेहऱ्याला किंवा डोक्याला असेल तर रस्ताच आखूड. कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला मुलांचं डोकं येतं, म्हणून त्यांची काळजी जास्त. एकदा तंतूच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत रक्तातली प्रतिपिंडं सहज पोचत नाहीत, आणि लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला ५९,००० माणसं रेबीजने मरतात. त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त भारतातली. लस उपलब्ध असताना हे मृत्यू होतात, याचा मला संताप येतो.

गाडी सुटण्याआधी मालच अडवणं, हाच उपाय. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. विषाणूचं बाहेरचं वेष्टन चरबीचं असतं, साबणाने ते विरघळतं. मिरची, हळद, चुना काही लावायचं नाही. पंधरा मिनिटांत डायनीनने ओढलेली पिशवी जेमतेम अर्धा मिलिमीटर वर सरकते. जखमेत बाहेरच राहिलेले विषाणू तेवढ्या वेळात धुऊन निघू शकतात. लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून कातडीच्या आरपार गेलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडं टोचावी लागतात. त्यांतलं एक औषध हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायॉलॉजिक्सच्या साथीने विकसित केलं आणि २०१७ मध्ये बाजारात आणलं. विषाणूच्या त्या काट्यालाच ते चिकटतं आणि विषाणूला निष्प्रभ करतं.

दंडाच्या स्नायूत घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. शून्य म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, आणि तो चाव्याचाच दिवस असायला हवा. सुटी, पगार, पुढची पाळी यांपैकी कशासाठीही तो पुढे ढकलू नये.