माल्टाच्या शेळ्या आणि एक जुना ताप

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने महिनोन्‌महिने खंगत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये मृतांच्या प्लीहेतला जंतू जगापुढे मांडला. पण तो येतो कुठून? हवा, गटारे, डास असे सगळे संशयित झाले. शेळी मात्र धडधाकट दिसे. व्हॅलेटाच्या गल्ल्यांतून कळप फिरत आणि गवळी गिऱ्हाइकाच्या दारात धार काढून देत.

१९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमिट या माल्टीज डॉक्टरने प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचे रक्त तपासले. जंतू टोचण्याआधीच त्यातल्या बहुतेक बाधित निघाल्या! पुढच्या वर्षी सैन्याने शेळीचे दूध बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरची गरीब माणसे मात्र तेच दूध पीत राहिली. पाश्चरीकरणाचे केंद्र तिथे १९३८ मध्ये सुरू झाले. उपाय ठाऊक असून लागलेली ही तीस वर्षे अक्षम्य वाटतात.

शेळीचे स्वतःचे दुखणे उलगडायला आणखी वेळ लागला. हा जंतू, ब्रुसेला मेलिटेन्सिस, गाभण शेळीच्या वारेत फोफावतो. तिथली एरिथ्रिटॉल ही साखर त्याला मानवते, हे १९६० च्या दशकात समजले. वार खराब होते आणि पाच महिन्यांच्या गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत शेळी गाभडते. कधी वार अडकते, गर्भाशय सुजते. स्रावातून जंतू पडत राहतात. पुढच्या खेपेला तीच शेळी नीट विते, आणि दुधातून जंतू देतच राहते. म्हणून तर तिच्यावर कुणाचा वहीम जात नाही.

शेळ्या-मेंढ्यांसाठीची रेव्ह-१ लस १९५७ मध्ये एल्बर्ग आणि फॉन्स यांनी पुढे आणली. आपल्याकडे २०१९ मध्ये या आजाराविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण सुरू झाले ते चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांसाठी. गरिबाची शेळी त्यात नव्हती. हे चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेळीला लस मिळेपर्यंत शेळीपालकांनी, विशेषतः घरच्या बायाबापड्यांनी, एवढे करावेच: गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने ओढू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, चुना घालून खोल पुरा. ती शेळी वेगळी बांधा आणि पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. दूध उकळूनच प्या. घरात कुणाचा ताप हटत नसेल, तर आपल्याकडे शेळ्या आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.