पदकानंतरचा डाव: खेळातून नोकरीपर्यंत कसं पोहोचायचं?

समजा, आपली मुलगी माहूरच्या शाळेच्या संघात बास्केटबॉल किंवा खो-खो खेळते आणि चांगली खेळते. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, "खेळून पोट भरतं का?" भरतं. पण नुसत्या पदकानं भरत नाही. पदकामागचा कागद पक्का असावा लागतो, आणि तो वेळेत व्हावा लागतो.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. धाराशिवच्या सारिका काळे यांना मामानं तेराव्या वर्षाच्या सुमारास खो-खोच्या मैदानावर नेलं. घरची परिस्थिती अशी की सुमारे दहा वर्षं दिवसाला एकच वेळ जेवण. पोटभर खाणं मिळायचं ते शिबिरात. 2016 साली खेळ सोडून द्यावा इथपर्यंत त्या आल्या होत्या. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. पदकापासून त्या खुर्चीपर्यंतची वाट आता टप्प्याटप्प्यानं पाहू.

1. स्पर्धा कोणती, ते आधी बघा. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा चढत्या पायऱ्यांनी होतात. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. खेळाच्या संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या असतात. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "ओपन नॅशनल" असं नाव देऊन, शुल्क घेऊन कुणीही स्पर्धा भरवतं, चकचकीत पदकही देतं. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोन गोष्टी विचारा: ही संघटना मान्यताप्राप्त आहे का, आणि हा खेळ शासनाच्या यादीत आहे का?

2. प्रमाणपत्र हातात पडताच वाचा. मुलीचं नाव दाखल्यावर आहे तसंच हवं. जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेचं ठिकाण, तारखा, मिळालेलं स्थान, सही-शिक्का हे सगळं तपासा. "रेणुका" या नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं, तर पुढे खुलासे देत बसावं लागतं. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. चार वर्षांनी तो आयोजक सापडेलच असं नाही.

3. जोडकागद जपा. बास्केटबॉलमध्ये पाच जणी मैदानात आणि बाकीच्या बाकावर असतात. बाकावरची मुलगी खरोखर संघात होती, हे प्रवेशिकेवरून, म्हणजे संघाच्या नावांच्या अधिकृत यादीवरून कळतं. प्रवेशिका आणि निकालपत्रकाची प्रत शाळेकडून मागून घ्या. मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, साध्या फाइलीत ठेवा.

4. दहावी-बारावीचे वाढीव गुण. खेळाडू विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो. मुदत टळली की गुण गेले. शाळा करेल म्हणून स्वस्थ बसू नका. परीक्षेच्या आधीच क्रीडाशिक्षकांच्या मागे लागा.

5. पडताळणी. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे खुल्या आणि प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच खेळाडूंचा वाटा ठेवलेला असतो. तो मिळवायचा तर विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. माहूर ज्या नांदेड जिल्ह्यात आहे, तो लातूर विभागात येतो. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारे नेमके इथे अडकतात. माहूरहून नांदेडच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, लातूर त्याच्याही पुढे. एका कागदासाठी पुन्हा हेलपाटा पडू नये म्हणून आधी कार्यालयाला विचारून यादी करा.

6. पद आणि पातळी जुळवा. पद जितकं वरच्या गटातलं, तितकी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. जिल्ह्यात पहिला नंबर आला म्हणून आरक्षण मिळत नाही. वयात पाच वर्षांपर्यंत सूट मिळते, शिक्षणाच्या अटीत मात्र नाही. परीक्षा द्यावीच लागते. सरावापायी कॉलेज सोडलेली मुलं पदक असूनही मागे राहतात, ती यामुळेच.

7. दुसरी वाट प्रशिक्षणाची. मुंबईच्या नागपाड्याचे अब्बास मुंतसिर भारतीय बास्केटबॉल संघाचे कर्णधार होते, 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते. पुढे त्यांनी नागपाड्यातल्या मुलांना खेळ शिकवला. प्रशिक्षक व्हायचं तर पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका महत्त्वाची मानली जाते. तिथे सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. उत्तम खेळणारा उत्तम शिकवेलच असं नाही, म्हणून खेळत असतानाच लहान मुलांचा सराव घ्यायला सुरुवात करावी.

यातलं काहीच आपल्याला न जमण्यासारखं नाही. मुलगी खेळाकडे लक्ष देईल; फाइल, तारखा आणि कार्यालयं आपण सांभाळायची. पुढच्या स्पर्धेहून ती परतली की कौतुक झाल्यावर आधी प्रमाणपत्रावरचं नाव वाचून घ्या.