पित्ताची पिशवी, आतड्यातले जिवाणू आणि चाचींची भीती

गेल्या ईदच्या दुसऱ्या रात्री आमच्या गल्लीतल्या एका चाचींच्या पोटात कळ उठली. उजव्या बरगडीखाली सुरू झालेली कळ पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत गेली. उलटी झाली, घाम फुटला. "दावतीचं खाणं जड झालं, पित्त झालं," असे घरातले सगळे म्हणाले. ओवा दिला, सोडा दिला, गॅसची गोळी दिली. पहाटे कळ थांबली आणि गोष्ट तिथेच विसरली गेली. वर्षभरात अशा चार रात्री गेल्या. शेवटी सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, "पित्ताची पिशवी काढावी लागेल."

'पिशवी' हा शब्द ऐकताच चाची उठल्या आणि घरी निघून आल्या.

त्या का उठल्या, हे बीड जिल्ह्यातल्या बायकांना सांगावे लागणार नाही. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जात. अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा त्या तिशीतही नव्हत्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाची चौकशी केली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. चाची त्यांच्यातल्याच एक. "एक पिशवी फसवून काढली, आता दुसरी देणार नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांची समजूत घालायची, तर आधी हे दुखणे आपल्यालाच नीट समजून घ्यावे लागेल, असे आम्हाला वाटले.

आपण आंबट ढेकर आली की 'पित्त झाले' म्हणतो. पण ते जठरातले आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. त्यातले काही यकृताखालच्या छोट्या पिशवीत साठते आणि घट्ट होते. तेलातुपाचे अन्न आतड्यात पोहोचले की ही पिशवी आकसते आणि पित्त सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल असते आणि ते विरघळलेले ठेवण्यासाठी पित्ताम्ले असतात. कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, की त्याचे कण जमतात आणि त्यांचा खडा होतो. तोंडाशी खडा अडकलेला असताना पिशवी आकसली की कळ येते. म्हणूनच ती बहुधा दावतीनंतर येते.

इथे आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध येतो. काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परत जातात. उरलेल्यांवर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात आणि त्यांचे रूप बदलतात. त्यातून डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होते. ते शोषले जाऊन पुन्हा पित्तात मिसळते. त्याचे प्रमाण वाढले की पित्तात कोलेस्टेरॉलही वाढते, असे बऱ्याच रुग्णांत दिसले आहे. बद्धकोष्ठ असेल तर जिवाणूंना या कामाला जास्त वेळ मिळतो. २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांनी खडे असलेल्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा सहसा खडे न होणाऱ्या उंदरांनाही खडे झाले.

तपकिरी रंगाचे खडे वेगळ्या रीतीने होतात. आतड्यातले जिवाणू पित्तनलिकेत शिरले की त्यांच्यातील एक पाचकद्रव्य पित्तातला रंग सुटा करते आणि तो चुन्याबरोबर साकळतो. जपानी सर्जन माकी यांनी १९६६ मध्ये ही क्रिया मांडली. टायफॉइडचे जिवाणू तर खड्यांवर थर करून वर्षानुवर्षे राहू शकतात. माणूस बरा दिसतो, पण त्याच्यापासून इतरांना रोग होत राहतो. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाणी उकळणे आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे म्हणूनच महत्त्वाचे.

मग दही खाऊन खडा जाईल का? नाही. दही चांगलेच आहे, पण झालेला खडा त्याने विरघळत नाही. कुळथाचा काढा आणि भरपूर पाणी यांची शिफारस मुतखड्यासाठी होते. पित्ताचा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच. तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पडले' असे लोक दाखवतात, ते बहुधा तेलाचे साबणासारखे झालेले गोळे असतात. आपल्या हातात आहे ते एवढेच: ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी आणि पालेभाजी रोज, वनस्पती तूप आणि साखर कमी, वजन कमी करायचे तर हळूहळू, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक नाही.

रमजानबद्दल बहिणी नेहमी विचारतात. फार वेळ उपाशी राहिले की पित्त पिशवीत साठून राहते. म्हणून सहरी चुकवू नये. ती चुकली की उपवास जवळजवळ पूर्ण दिवसाचा होतो. ज्यांना खडे आहेत त्यांनी इफ्तारला भजी-समोशांऐवजी खजूर, फळे आणि साधे जेवण घ्यावे. ज्यांना कळा येतात त्यांनी रोजे सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात.

आता ऑपरेशनचे. खडे आहेत पण कधीच त्रास नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून घाई करू नये. मात्र वारंवार कळा येत असतील तर पिशवी काढणे हाच सहसा पक्का इलाज. डोळे पिवळे होणे, थंडी वाजून ताप, पाच-सहा तास न थांबणारी कळ यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो, कारण पित्त यकृतातच तयार होते. काहींना थोडे दिवस जुलाब होतात. दुर्बिणीने हे ऑपरेशन भारतात १९९० मध्ये मुंबईच्या डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी सुरू केले. बीडकरांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, तेही तिथे आधीच विचारावे.

चाचींना आम्ही हे सगळे सांगितले, पण 'ऐका आमचे' असे म्हटले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलो आणि चार प्रश्न त्यांनाच विचारायला लावले. कोणती पिशवी? ती का काढायची? नाही काढली तर काय होईल? दुसरा इलाज आहे का? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून प्रत्येकाचे उत्तर दिले. चाची बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा एवढं कुणी सांगितलं असतं तर!"

पुढच्या महिन्यात त्यांचे ऑपरेशन झाले. आता गल्लीतल्या कुठल्याही सुनेला डॉक्टरांनी 'पिशवी' म्हटले, की ती आधी चाचींकडे येते आणि चाची तिला ते चार प्रश्न पाठ करायला लावतात.