गाण्यातल्या आठ गवळणी

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडच्या एका जुन्या नाताळगीताबद्दल आणि त्यावरच्या चित्रांबद्दल सांगणार आहोत. गीताचं नाव ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’, म्हणजे नाताळाचे बारा दिवस.

गाण्यात प्रेमाचं माणूस रोज नवी भेट पाठवतं. पहिल्या दिवशी नासपतीच्या झाडावरचा एक तितर. दुसऱ्या दिवशी दोन होले, आणि पुन्हा तो तितर. तिसऱ्या दिवशी तीन कोंबड्या, आणि मागचं सगळं पुन्हा. आपल्या भोंडल्यातही लिंबं झेलायच्या गाण्यात आकडा असाच चढत जातो. बाराही दिवसांच्या भेटी मोजल्या तर ३६४ होतात! पूर्वी हा आठवणीचा खेळ होता. जो चुकेल त्याला दंड.

सुमारे १७८० साली लंडनमध्ये मुलांच्या एका छोट्या पुस्तकात हे गाणं छापलं गेलं, तेही चित्रांसह. वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्र बघून पुढची भेट आठवावी, अशी ती सोय. तेव्हापासून कितीतरी चित्रकारांनी ते काढलं. अमेरिकेच्या जॅन ब्रेट यांनी १९८६ च्या पुस्तकात पानांच्या कडा नक्षीने भरून टाकल्या. रॉबर्ट सबुडा यांच्या १९९६ च्या पुस्तकात पान उघडलं की कापलेल्या कागदाची आकृती उभी राहते.

गंमत अशी, की शब्द बदलला की चित्रही बदलतं. चौथ्या दिवसाचे पक्षी आधी ‘कॉली’ होते, म्हणजे कोळशासारखे काळे. १९०९ साली फ्रेडरिक ऑस्टिन यांनी गाण्याला आज ऐकू येणारी चाल दिली, तेव्हा त्यांनी ‘कॉलिंग’, म्हणजे साद घालणारे, असं लिहिलं. मग चित्रकाराला काळ्या रंगाचं बंधन उरलं नाही. आणि तो तितर? खरा तितर जमिनीवर राहतो, घरटंही जमिनीवरच करतो. पण गाण्यात झाड आहे, म्हणून चित्रात तो फांदीवर बसतो.

आता आठव्या दिवसाकडे या. त्या दिवशी येतात दूध काढणाऱ्या आठ मुली. पक्षी, अंगठ्या, आणि त्याच रांगेत कामकरी बायका! गाणं त्यांच्याबद्दल एवढंच सांगतं. त्यांचा चेहरा, कपडे, हात, सगळं चित्रकार ठरवतो. बऱ्याच चित्रांत त्यांचे गाल गुलाबी असतात आणि अंगावरचं कापड पांढरंशुभ्र. पण डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने कास धुऊन धार काढणाऱ्या बाईला विचारा. बोटं आखडतात, म्हैस लाथ मारते, लुगड्याला शेण लागतं. ते चित्रात क्वचितच येतं. मुलं मात्र चित्रात दिसेल तेच खरं धरतात.

म्हणून आमचं सांगणं आहे, की आपली गाणी आपणच काढावीत. पुढच्या बैठकीत भोंडल्याचं किंवा जात्यावरचं एक गाणं निवडा. एकेकीने एकेक कडवं वाटून घ्या. पेन्सिल, कोळसा, गेरू, जे हाताशी असेल ते चालेल. हात वळत नाही म्हणून थांबू नका. गाण्यातल्या बाईला तुमचे हात द्या, तुमचा गोठा द्या. मग ते कागद अंगणवाडीच्या भिंतीवर लावा आणि मुलांना गाणं म्हणायला सांगा.