संवाद ऐकू येत नाहीत? स्पीकर बदलण्याआधी हॉल तपासा

मी खोलीतल्या आवाजावर पीएच.डी. करते हे कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "बरं मग, होम थिएटर कुठलं घेऊ?" ज्यांनी आधीच घेतलंय त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "धमाके कान फाडतात आणि संवाद ऐकूच येत नाहीत. स्पीकर खराब निघाला का?"

मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. कारण बहुतेक वेळा उत्तर असतं, "नाही". स्पीकर ठीक असतो. घोळ असतो तो हॉलमध्ये, स्पीकरच्या जागेत, नाहीतर एखाद्या वायरमध्ये. आणि या तिन्ही गोष्टी दुरुस्त करायला नवा स्पीकर घेण्यापेक्षा खूप कमी पैसे लागतात. आज तेच जरा नीट बघू.

आपला हॉल काय करतो?

पुण्यातल्या टू बीएचकेचा एक नेहमीचा हॉल घेऊ. १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना प्लॅस्टर, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. म्हणजे सहाही बाजूंनी टणक, गुळगुळीत पेटी.

तुम्ही टीव्हीपासून तीन मीटरवर बसलाय. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट तुमच्या कानापर्यंत साधारण ९ मिलिसेकंदांत पोचतो. पण तोच आवाज छताला, फरशीला, काचेला आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो. म्हणजे 'क' ऐकू आला तरी त्याच्या मागच्या 'आ'ची शेपटी अजून खोलीत फिरतच असते.

ही शेपटी पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मोजली ती वॉलेस सबाइन या हार्वर्डमधल्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की शिकवलेलं कळेना. सबाइन रात्री, रस्ते शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या खोलीत आणायचा. ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा, बंद करायचा, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. जितक्या गाद्या जास्त तितका वेळ कमी. त्यातून जे सूत्र निघालं ते आम्ही आजही वापरतो : खोलीचं घनफळ भागिले खोलीतलं एकूण शोषण, गुणिले ०.१६१ (मापं मीटरमध्ये). उत्तर येतं ते सेकंदांत. आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा हा वेळ, म्हणजे निनादकाल.

आपल्या हॉलचं घनफळ साधारण ४३ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग ७६ चौरस मीटर. प्लॅस्टर आणि टाइल्स आवाज जेमतेम तीन टक्के शोषतात. गणित केलं तर रिकाम्या हॉलचा निनादकाल जवळजवळ ३ सेकंद येतो! ताबा मिळाल्यावर रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघा, लगेच पटेल. सोफा, जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट आलं की हाच आकडा ०.६ सेकंदांच्या आसपास उतरतो. संवाद स्पष्ट ऐकायला ०.४ ते ०.५ सेकंद चांगले. हल्लीच्या 'मिनिमल' हॉलमध्ये मात्र पडदेही नसतात आणि गालिचाही नसतो. मग आवाज मोठा, पण शब्द कळत नाही.

'चार' आणि 'चारा'

शब्द न कळण्याचं दुसरं कारण आपल्या भाषेतच आहे. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च मोठ्याने म्हणून बघा. लिहायला सारखे, पण पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. हा फरक कानाला कळतो तो ३००० हर्ट्झच्या वरच्या बारीक, सुसकाऱ्यासारख्या आवाजातून. स, श, फ, त, क या सगळ्यांची ओळख तिथेच असते. स्वरांची ताकद मात्र बरीच खाली असते. थोडक्यात, बोलण्याचा जोर स्वरांमध्ये आणि अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये.

आता गंमत अशी की खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या हळू आवाजाला झाकून टाकतो. कानाची रचनाच तशी आहे. बास घुमत असेल तर 'च'चा सुसकारा त्याखाली दबतो. त्यात वय वाढलं की ऐकू येणं आधी वरच्या पट्टीतलंच कमी होतं. त्यामुळे "आजोबांना टीव्हीचा आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. उपाय म्हणून घरातले व्हॉल्यूम वाढवतात. त्याने बासही तितकाच वाढतो आणि परत तेच होतं.

बास का फुगतो?

प्रत्येक खोलीच्या काही ठरलेल्या वारंवारता असतात, ज्यांना ती खोली स्वतःहून जोर देते. सर्वांत खालची काढायची तर ध्वनीचा वेग (आपल्या हवेत साधारण ३४६ मीटर प्रतिसेकंद) भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट. आपल्या हॉलसाठी :

- लांबी १६ फूट : साधारण ३५ हर्ट्झ
- रुंदी १० फूट : साधारण ५७ हर्ट्झ
- उंची साडेनऊ फूट : साधारण ६० हर्ट्झ

शेवटचे दोन आकडे बघा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने दोन्हींचा जोर एकाच ठिकाणी पडतो. ढोल, स्फोट, गाडीचं इंजिन, सगळे तिथेच. म्हणून या मापाच्या हॉलमध्ये कुठलाही सबवूफर आणला तरी तो त्याच एका सुरात "धुम्म" करतो. दोष सबवूफरचा नाही.

आणि हो, इथे पडदे कामाला येत नाहीत. ५७ हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सहा मीटर आहे, त्याला पडदा म्हणजे काहीच नाही. बाजारात मिळणाऱ्या इंच-दोन इंच फोमचंही तेच. इथे चालतो तो एकच स्वस्त उपाय : जागा बदलणे. हा दाब भिंतीशी सर्वांत जास्त असतो, कोपऱ्यात तर विचारूच नका. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दीड-दोन फूट पुढे घ्या. सबवूफर कोपऱ्यातून काढा. कुठे ठेवायचा ते शोधायची एक उलटी पद्धत आहे : सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एखादं बासचं गाणं लावा आणि स्वतः भिंतींच्या कडेने रांगत फिरा. जिथे बासचे सगळे सूर सारखे, मोकळे ऐकू येतील तिथे सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या. स्पीकर आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली दोघांना सारखंच वागवते, त्यामुळे ही युक्ती चालते.

घ्यायचंच असेल तर

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा नाहीतर मॉलमधल्या दुकानात, पहिला आकडा समोर येतो तो वॅटचा. पीएमपीओ वॅट लिहिलं असेल तर तो आकडा सरळ विसरा, तो मोजण्याचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. आरएमएस वॅट बघा, आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी : एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटमध्ये आपल्या हॉलमध्ये सोफ्यापर्यंत ८० च्या आसपास आवाज पोचवतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे ५० च्या जागी १०० वॅट घेतल्याने आवाज 'दुप्पट' होत नाही, थोडासाच वाढतो.

दुसरं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तीच माणसं. एकदा स्पीकर पडद्यामागे लपवून ऐकवले, एकदा समोर दिसतील असे. दिसत असताना लोकांनी दिलेले गुण बदलले. मोठे, महागडे दिसणारे स्पीकर 'चांगले वाजायला' लागले. म्हणून दुकानात सोबत कुणाला तरी न्या, डोळे मिटा, आणि दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी सरस वाटतो, आणि हे विक्रेत्यालाही माहीत असतं.

ऐकायला डेमोचा स्फोट नको. ओळखीच्या आवाजातल्या बातम्या किंवा नाटकाचं रेकॉर्डिंग लावा. माणसाचा आवाज बिघडला की आपल्याला लगेच कळतं, हेलिकॉप्टरचा बिघडलेला कळत नाही.

तिसरं, ५.१ च्या चित्रपटात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. बजेट मर्यादित असेल तर पाच हलके स्पीकर घेण्यापेक्षा पुढचे तीन एकाच मालिकेतले चांगले घ्या. मागचे नंतर आणता येतात. आणि अँप्लिफायरवर किमान ६ ओहम लिहिलं असेल तर त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नका, तो तापतो आणि मध्येच बंद पडतो.

बिघाड शोधताना

एकच नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि वायरला हात लावण्याआधी अँप्लिफायर बंद करा.

*संवाद हळू, बाकी सगळं मोठं.* आधी सेंटर स्पीकर कुठे आहे ते बघा. टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल तर खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानाकडे तिरपं करा. मग सेटिंग. घरी दोनच स्पीकर असताना सेट-टॉप बॉक्स किंवा अँप ५.१ वर असेल तर सेंटरचा आवाज कुठेच जात नाही. तिथे 'स्टिरिओ' निवडा. सेंटर असेल तर त्याची पातळी २-३ डेसिबल वाढवा. सगळ्याचा व्हॉल्यूम वाढवू नका.

*आवाज पसरट, बास गायब.* एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असणार. बातम्या लावा आणि बरोबर मध्ये बसा. निवेदकाचा आवाज मधूनच यायला हवा. तो डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला तर वायर तपासा. शंका असेल तर साध्या स्पीकरची वायर अँपमधून काढा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा : सेलची धन बाजू लाल वायरला. वूफरचा पडदा बाहेर यायला हवा.

*एका बाजूला खरखर.* अँपच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. खरखर त्याच स्पीकरमध्ये राहिली तर दोष स्पीकर किंवा वायरचा. दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर अँपचा किंवा त्याच्या मागच्या उपकरणाचा. जुना स्पीकर असेल तर वूफरच्या कडेचा फोम बघा. काही वर्षांनी त्याचा भुगा होतो. कड बदलून मिळते, स्पीकर टाकू नका.

*सतत घुंई.* आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घुंई ५० किंवा १०० हर्ट्झची. टीव्ही केबलची गोल वायर काढून बघा. घुंई थांबली तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये चक्र तयार झालंय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, नाहीतर टीव्ही ते अँप ऑप्टिकल केबल वापरा. थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय मात्र कधीही काढू नका. घुंई जाईल, पण शॉक लागून जीवही जाऊ शकतो.

*आवाज आधी, ओठ नंतर.* टीव्ही किंवा अँपच्या मेन्यूत लिप-सिंक किंवा डिले असतं. तिथे दुरुस्त होतं.

आणि खालचे शेजारी

विसर्जन मिरवणूक जाताना गाणं कुठलं ते कळण्याआधीच खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. बारीक आवाज भिंत अडवते, बास अडवत नाही. तुमच्या घरातूनही तेच होतं. खालच्या मजल्यावर संवाद जात नाहीत, फक्त "धुम्म" जातं. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, आणि रात्रीच्या शांततेत बास चटकन खुपतो. सबवूफरखाली जाड रबर ठेवल्याने स्लॅबमधून जाणारी थरथर थोडी कमी होते. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही. रात्री 'नाइट मोड' लावा, म्हणजे धमाके खाली येतात आणि संवाद वर.

खरं तर इथे सगळ्यांचा फायदा एकाच गोष्टीत आहे. शब्द स्पष्ट कळले की व्हॉल्यूम आपोआप कमी ठेवला जातो. त्यात आजोबांचीही सोय होते आणि खालच्या काकूंचीही.

तेव्हा येत्या रविवारी याच क्रमाने करा : गालिचा आणि पडदे, सोफा पुढे, सबवूफर कोपऱ्याबाहेर, सेंटर खणाबाहेर, लाल-काळी वायर, शेवटी सेटिंग. एवढं करूनही 'चार' आणि 'चारा' वेगळे ऐकू आले नाहीत, तर मग खुशाल दुकानाची वाट धरा.