बँकॉकला जोडीनं जायचं म्हणजे



बँकॉक म्हटलं की आपल्याकडे लोक गालातल्या गालात हसतात. खतं-बियाण्यांच्या दुकानदारांना कंपन्या तिकडे सहलीला नेतात. ते तीन रात्री राहून येतात आणि घरी विचारलं तर ‘काही नाही गं, फार गरम होतं’ एवढंच सांगतात. आमच्या घरीही तसंच झालं होतं. टार्गेट पुरं केलं म्हणून तिकीट मिळालं, पण एकच. आल्यावर फोटो दाखवले दोन: एक विमानतळावरचा, एक हॉटेलच्या नाश्त्याचा. तेव्हाच घरात ठरलं, की पुढच्या वेळी जायचं तर जोडीनं, आणि आपल्या पैशानं. ते घडायला सहा वर्षं गेली. परत आल्यापासून कुठल्याही गटात हप्ते गोळा झाले की हाच विषय निघतो, म्हणून आज एकदाच सगळं सांगतो.

आधी पैशाचं, कारण पहिला प्रश्न तोच असतो. पोस्टात दर महिन्याला १२०० रुपयांचं आवर्ती खातं काढलं. पाच वर्षांनी व्याजासकट ८० हजारांच्या थोडं वर हाती आलं. विमानाचं तिकीट चार महिने आधी काढलं, राहायला साधं हॉटेल घेतलं, आणि पाच दिवस त्यातच भागवले. ‘गटातून कर्ज काढून जावं का?’ असं दोघी-तिघींनी विचारलं. आमचं मत स्पष्ट आहे, काढू नये. गटाचा पैसा कुणाच्या दवाखान्याला, कुणाच्या शेळीला लागणार असतो. फिरणं हे साठवून करायचं काम.

पासपोर्टला ३६ पानांचे १५०० रुपये भरले. तो दहा वर्षं चालतो. लग्नानंतर नाव बदललं नसलं तरी माहेरच्या नावानं पासपोर्ट मिळतो, ही गोष्ट फार जणींना ठाऊक नसते. आम्ही गेलो तेव्हा थायलंडला व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी पाहून घ्यावं. मे २०२५ पासून तिथं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक अर्ज मोबाईलवरून भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर त्या सरकारी नव्हेत.

मुंबईहून साधारण सव्वाचार तासांत विमान उतरतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत गेल्यावर समोर काय, तर समुद्रमंथन! एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य, मध्ये वासुकी, आणि वर विष्णू. परदेशात आलोय की जत्रेत, असं झालं. तिथं नमस्कारही हात जोडूनच करतात. ‘सवत्दी’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘स्वस्ति’वरूनच आला. बाईनं बोलताना शेवटी ‘खा’ लावायचं आणि पुरुषानं ‘ख्रप’. आमच्यातल्या नवऱ्यानं दोन दिवस सगळ्यांना ‘सवत्दी खा’ म्हटलं, आणि बाजारातल्या बायका तोंडाला पदर नसल्यामुळे हात लावून हसत राहिल्या.

आता पहिल्या दिवशी काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी गेलं तर हेच होणार आहे. सकाळी राजवाड्याच्या भिंतीपाशी पोचलो. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. म्हणाला, आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद, तोवर माझा ओळखीचा टुकटुकवाला तुम्हाला वीस बाटमध्ये दोन देवळं दाखवेल. एक बाट म्हणजे साधारण पावणेतीन रुपये. म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपयांत दोन तास रिक्षा! आमच्यातली बायको म्हणाली, आधी दारापर्यंत जाऊन बघू. आमच्यातला नवरा म्हणाला, एवढा चांगला बोलतोय, खोटं कशाला सांगेल?

एक लहानसं देऊळ दाखवलं, आणि मग टुकटुक थांबलं ते खड्यांच्या दुकानासमोर. ‘आज सेलचा शेवटचा दिवस, तुमच्या देशात नेऊन विका, दुप्पट मिळतील.’ माणकाची अंगठी, ९००० बाट. आपले जवळजवळ २५ हजार. तिथं जे झालं ते नीट ऐका. ती अंगठी घ्यायची इच्छा हावरेपणाची नव्हती. मागच्या वेळी रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला बायकोच्या बोटात काहीतरी घालायचं होतं. असल्या दुकानात गिऱ्हाईकाचा नेमका हाच कोपरा हेरतात.

निघताना आम्ही घरात एक नियम केला होता. गटाच्या खात्यातून पैसे काढायला एका सहीनं भागत नाही, तसंच पाचशे बाटच्या वर काहीही घ्यायचं तर दोघांची ‘सही’ लागेल. बायकोनं मराठीत एवढंच म्हटलं, ‘माझी सही नाही.’ दुकानदाराचं हसू तिथंच संपलं. बाहेर आलो तर टुकटुकवाला पसार. वाट विचारत, उन्हातून चालत राजवाड्याशी पोचेपर्यंत पावणेचार वाजले. तिकीट साडेतीनला बंद होतं. आणि सकाळपासून तो उघडाच होता, हे दारावरच्या शिपायानं सांगितलं. नदीच्या धक्क्यावर तासभर एकमेकांशी बोललो नाही.

ही तिथली जुनी युक्ती आहे. दुकानवाले टुकटुकवाल्याला पेट्रोलचं कुपन देतात, म्हणून भाडं एवढं कमी. राजवाडा बहुतेक रोज सकाळी साडेआठला उघडतो. भिंतीपाशी कुणी काहीही सांगो, तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जायचं.

दुसऱ्या दिवशी आठलाच रांगेत. तिकीट माणशी ५०० बाट. ऐकून पोटात गोळा आला, पण पैसे वाया गेले असं मुळीच वाटलं नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे आपली साडी किंवा पंजाबी ड्रेस बिनधास्त चालतो. अडतात ते अर्ध्या चड्डीतले पुरुष. ते बाहेरून हत्तीच्या चित्रांची पायजमी विकत घेऊन येतात.

हे शहर राजधानी झालं १७८२ मध्ये. त्याआधीची मोठी राजधानी अयुथ्या, म्हणजे आपल्या अयोध्येच्या नावाची. ती १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. नव्या राजधानीत पहिल्या रामानं वाडा आणि देऊळ बांधलं. तिथल्या राजांना राम म्हणतात, आत्ताचा दहावा. देवळातली हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती दोन फुटांहून थोडीच मोठी, उंच सिंहासनावर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन सोन्याचे पोशाख आहेत, आणि ते स्वतः राजा बदलतो. देवाला थंडी वाजते हे त्यांनाही कळतं, म्हणून आम्हाला ती आपली वाटली.

देवळाभोवतीच्या ओवरीत भिंतीवर सगळं रामायण रंगवलंय, १७८ चित्रांत. सीता ‘सीदा’, रावण ‘तोसकान’ म्हणजे दशकंठ. मारुती मात्र तिथं ब्रह्मचारी नाही! सेतूचे दगड पळवणाऱ्या सोनेरी मत्स्यकन्येवर तो भाळतो, आणि ती रावणाचीच मुलगी. आम्ही त्या ओवरीत दोन तास होतो. पुढे निजलेला ४६ मीटर लांब बुद्ध पाहिला, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांत कोरलेली १०८ शुभचिन्हं आहेत. पाच बाट देऊन पलीकडे अरुणाच्या नावाच्या देवळातही गेलो. त्याच्या शिखरावर चिनी बश्यांच्या तुकड्यांची फुलं केलीत.

खायचं म्हणाल तर वाराचं पाळणाऱ्यांना जरा जड. भाजीतही मासळीचा रस घालतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली गाडी शोधायची आणि ‘जे’ म्हणायचं, म्हणजे मांस-मासळी-अंडं नाही. कांदा-लसूणही नसतो.

फिरायला नदीतली शेंदरी झेंड्याची बोट स्वस्त, आम्ही गेलो तेव्हा १६ बाट होते. भिक्षूंसाठी राखलेली जागा असते, तिथं बाईनं बसू नये आणि त्यांना धक्का लागू देऊ नये. त्याच बोटीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्यानं एका उंच हॉटेलाकडे बोट दाखवलं. ‘तेव्हा इथं उतरवलं होतं आम्हाला. बसनं न्यायचे, बसनं आणायचे. बाकीचे रात्री कुठं जायचे ते माहीत होतं. मी खोलीत बसायचो, आणि ते गावात सांगायचीही लाज वाटायची.’ खरं-खोटं आपण काय करणार? पण सहा वर्षांत हे पहिल्यांदाच बोललं गेलं. तशा गल्ल्या तिथं आहेत, खोटं कशाला सांगू. आम्ही एकीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. बाहेर स्टुलावर बसलेली पोर आपल्या बचत गटातल्या कुणाचीही मुलगी शोभली असती. परत फिरलो.

शेवटच्या रात्री फुलबाजारात गेलो. तो चोवीस तास चालतो. झेंडूचे ढीग पाहून सणाच्या आदल्या दिवशीचं आपलं मार्केट आठवलं. बायका ओळीनं बसून मोगऱ्याचे हार ओवत होत्या, आणि त्यात पांढरी फुलं कसली, तर रुईची! आपण शनिवारी मारुतीला घालतो तीच. तिथं तिचं नाव ‘रक’, म्हणजे प्रेम, म्हणून लग्नातही तिचे हार असतात. आपल्या बांधावर फुकट उगवते ती रुई तिथं विकली जाते. एका म्हाताऱ्या बाईनं लांब सुई हातात दिली. दहा-बारा फुलं ओवली, तिनं गाठ मारली आणि पैसे घेतले नाहीत. तो गजरा विमानात सुकला, पण फेकला नाही.

आणखी काही विचारायचं असेल तर पुढच्या बैठकीत विचारा. पासपोर्टला लागणाऱ्या कागदांची यादी लिहून आणतो.