बिऱ्हाडाची हातपेटी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक म्हणत. त्यांच्यावर बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग फारसा आला नसावा. नाहीतर या म्हणीला तिसरे शेपूट जोडल्यावाचून ते राहिले नसते. लग्नात निदान जेवणाची काळजी दुसरे कोणीतरी वाहत असते. बिऱ्हाड हलवताना सकाळी सहाला शेगडी विझते, आणि ती पुन्हा केव्हा पेटणार हे टेंपोवाला, लिफ्ट आणि नव्या इमारतीचा पहारेकरी या तिघांच्या मर्जीवर राहते.

'बिऱ्हाड' हा शब्द मूळचा आपला नव्हे. कानडीत 'बिडार' म्हणजे तळ, तात्पुरता मुक्काम. मराठीत येऊन त्याने संसार थाटला खरा, पण मुंबई-पुण्यात सध्या जी हलवाहलव चालली आहे ती पाहिली म्हणजे वाटते, शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत निघाला आहे. इमारत जुनी झाली, पुनर्विकासाला गेली, की राहती माणसे दोन-चार वर्षांसाठी भाड्याच्या घरात. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. मालकाने पुढे वाढवला नाही तर पुन्हा दोऱ्या, पुन्हा खोकी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. १६० चौरस फुटांत तीन पिढ्यांनी जमवलेले सामान बाहेर काढून फुटपाथवर मांडले, म्हणजे ते आत कसे मावले होते याचा उलगडा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकालाही व्हायचा नाही. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे त्यांचे बिऱ्हाड आणखी एकदा हलले.

अशा वेळी सगळे सामान बांधून होते, आणि नेमके जे लागते तेच सापडत नाही. म्हणून एक पेटी वेगळी भरावी. सर्वांत शेवटी भरायची आणि सर्वांत आधी उघडायची. ती टेंपोत चढवू नये. टेंपो वाटेत अडकतो, आणि आत आधी गेलेली वस्तू बाहेर शेवटी येते. रिक्षात आपल्या मांडीवर घेता येईल एवढीच ती असावी. सामान बांधणाऱ्या मंडळींच्या नजरेपासूनही ती दूर ठेवावी हे बरे. ही माणसे इतकी कामसू असतात की कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून मोकळी होतात. पेटी सकाळीच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली म्हणजे निर्धास्त.

पेटीत काय असावे, यावर प्रत्येक घरात मतभेद होतात. गृहस्थ म्हणतात चार्जर आणि वायर. मुले म्हणतात चार्जर. गृहिणी म्हणते सांडशी. माझे मत सांडशीच्या बाजूने आहे. चहा-साखरेचे डबे सगळ्यांना आठवतात, पातेलेही आठवते. गाळणे, सांडशी आणि काड्यापेटी कोणाला आठवत नाही, आणि मग आठ दमलेली माणसे उकळत्या चहाभोवती रुमाल घेऊन उभी राहतात. नव्या घरी पाइपचा गॅस असला तरी तो पहिल्याच दिवशी जोडून मिळेल असे धरून चालू नये. विजेची शेगडी हाताशी ठेवणारे शहाणे. मात्र तिचा जाड पिनांचा प्लग भिंतीतल्या लहान भोकांत जात नाही. मोठे सॉकेट स्वयंपाकघरात कुठे आहे, ते आदल्या दिवशीच पाहून यावे.

नव्या घरात देव आधी न्यावेत, आणि पुष्कळ घरांत पहिले दूध उतू घालवतात. तर्कवादी मंडळी या चालीला हसतात. पण उतू घालवायला दूध लागते, पातेले लागते, पेटती शेगडी लागते. ज्या घरी ही चाल पाळतात त्या घरी एवढ्या तीन वस्तू पहिल्या तासात हमखास सापडतात. हसणाऱ्यांच्या घरी त्या सापडतातच असे नाही.

पेटीइतकीच महत्त्वाची असते बादली. आपल्याकडे पाणी घड्याळ पाहून येते आणि नव्या पेठेतले घड्याळ निराळे असते. पाण्याची वेळ आणि टाकीची चावी कुणाकडे, हे दोन प्रश्न शेजारणीला आधी विचारावेत; ओळख करून घ्यायला याहून चांगले निमित्त नाही. बादलीतच तांब्या, साबण, पंचा, एक जुने फडके आणि केरसुणी घालावी. लक्ष्मीपूजनाला आपण जिला हळदकुंकू वाहतो तिला बिऱ्हाडाच्या दिवशी मात्र गादीच्या गुंडाळीत कोंबतो, आणि मग धुळीने भरलेल्या खोलीत पेपराच्या घडीने केर लोटीत बसतो. एक जुनी चादर, चार खिळे आणि हातोडीही जवळ असू द्यावी. पहिल्या रात्री खिडकीला पडदा नसतो, आणि समोरच्या इमारतीला मात्र डोळे असतात.

औषधांच्या बाबतीत थट्टा नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी 'मेडिसिन' असे लिहिलेल्या खोक्यात जाते, आणि ते खोके अठरा खोक्यांच्या तळाशी. (खोक्यावर नाव वरच्या झाकणावर लिहू नये, चारी बाजूंना लिहावे, एकावर एक रचल्यावर झाकण दिसतेय कुणाला?) निदान आठवड्याची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातपेटीतच हवीत. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रीज बंद झाल्यापासून त्याची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. न उघडलेली बाटली थंड राहिली पाहिजे, पण बर्फाला टेकता कामा नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थर्मासमध्ये फडक्यात गुंडाळून ते नीट जाते. फ्रीज स्वतः उभाच न्यावा. वाटेत आडवा करावा लागला तर पोचल्यावर काही तास उभा राहू द्यावा आणि मगच चालू करावा.

आता कागद. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची जुनी पागडीची खोली पुनर्विकासात निघाली. खोली कोणाची, हे ठरवायला भाडेपावत्या हव्या होत्या. पावत्या सासऱ्यांच्या नावाच्या, सासरे जाऊन वीस वर्षे झालेली, नाव बदलून घ्यायचे राहून गेलेले. घर रिकामे करण्याच्या आदल्या रात्री सुनेने विचारले, "आई, मामंजींच्या पावत्या कुठल्या खोक्यात आहेत?" म्हातारी शांतपणे म्हणाली, "खोक्यात कशाला? त्या माझ्या पानाच्या डब्यात आहेत. गेली चाळीस वर्षं तिथंच आहेत." सगळ्यांनी ज्या डब्याला अडगळ ठरवून भंगारात टाकायचे घाटले होते, त्यात त्या घराचा हक्क होता. तो डबा दुसऱ्या दिवशी तिने मांडीवरच ठेवला, टेंपोवाल्याच्या हाती दिला नाही.

मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास निघतो, तेव्हा जुन्या पावतीची किंमत पलंग-कपाटाहून जास्त असते. तेव्हा पावत्या, शिधापत्रिका, विजेची बिले, विकासकाशी झालेला करार आणि भाड्याच्या घराचा करार या सगळ्यांची एक पिशवी करावी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. 'अकरा महिन्यांचाच आहे, कशाला नोंदवायचा?' असे कोणी म्हणाले तर हसून मान डोलवू नये.

निवड करायला आपल्याला आठवडाभर मिळतो हेच भाग्य. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही गेले, आणि नदीकाठच्या पुण्याला पेटी भरायला वेळच मिळाला नाही. माणसांनी पोरे उचलली, म्हातारी माणसे पाठीवर घेतली आणि उंचावर धाव घेतली. त्या पिढीच्या कित्येक घरांत पुढे कायमची एक पत्र्याची पेटी दाराजवळ असे, आणि तिला कोणी हात लावलेला आजीला खपत नसे.

जुन्या घराचे दार ओढून घेण्याआधी दोन कामे उरतात. विजेच्या मीटरचा आकडा टिपून घ्यावा, जमल्यास त्याचे छायाचित्र काढावे. पुढच्या बिलावरून वाद झाला तर तेवढाच आधार. आणि किल्ल्या ज्याला द्यायच्या त्याच्याकडून पोच लिहून घ्यावी. तो कागद पिशवीत टाकावा, पिशवी पेटीत, आणि मग रिक्षाला हाक मारावी.